मोतीबाईंचा तुंबा

डिसेंबर लागला की उषा पावरा माणसांच्या बोलण्याकडे जरा जास्तच कान देऊ लागायची. तशी ती एरवीही कान देऊनच असे. जळगावच्या एका हॉस्पिटलात एकोणीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर कोणाच्या कण्हण्यात दुखणं किती आणि हट्ट किती, हे तिला पाठमोरंही कळायचं. पण डिसेंबरातलं ऐकणं वेगळं. चहाच्या वेळी, हात धुताना, लिफ्टची वाट बघताना कोणी सहज गावाचं नाव काढलं की ती हातातलं काम न थांबवता ते वाक्य मनात ठेवून द्यायची. नाताळला त्या माणसाला काय द्यायचं, ते त्या वाक्यात असायचं.

तिथले बहुतेक सगळे कुठल्या ना कुठल्या गावाहून आलेले. शहरात घरं झाली, दारात गाड्या आल्या, पण दोन घोट चहा पोटात गेला की बोलणं आपोआप मळ्यात जायचं. अशा माणसांना लोक बैलगाडीचं चित्र असलेलं कॅलेंडर देतात, नाहीतर मातीचा छोटासा बैल. उषाला ते पटत नसे. ज्याला गाव आठवतं त्याला गावाचं चित्र कशाला, असं ती नवऱ्याला म्हणायची. त्याच्या हाताला काय आठवतं, नाकाला काय आठवतं, ते शोधायचं.

डॉक्टरबाई साक्रीकडच्या. एकदा ऑपरेशननंतर हातमोजे काढता काढता त्या म्हणाल्या होत्या, की लहानपणी आठवडे बाजाराहून परतताना त्या गाडीतल्या गवताच्या भाऱ्यावर झोपून यायच्या. उषाने त्या वर्षी ओळखीच्या माणसाकडून डोंगराकडचं रोशा गवत मागवलं. वाळलं तरी त्याचा वास जात नाही. धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधून ते तिने बाईंच्या टेबलावर ठेवलं. बाईंनी गाठ सोडली, पुडकं नाकाशी नेलं, आणि पुढचा पेशंट बराच वेळ बाहेर बसून राहिला. औषधांच्या काउंटरवरच्या नवीनभाईंना तिने अंबाडीच्या दोरीची गोफण दिली. ज्वारीच्या शेतात मचाणावर उभं राहून पाखरं हाकलण्यात त्यांचं पोरपण गेलं होतं. आता ते रोज सकाळी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत रिकामी गोफण फिरवून कबुतरं उडवतात आणि त्यांची बायको उषाच्या नावाने बोटं मोडते.

सर्वांत गाजली ती संघमित्राची भेट. संघमित्रा लॅबमध्ये रक्त तपासायची. माहेर भडगावचं, गिरणेच्या काठचं. हिवाळा आला की तिची एकच तक्रार असायची, की गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत म्हणजे आजाऱ्याचं जेवण. सगळ्यांना वाटलं उषा हिला वांगी देईल. उषाने वांगी दिली नाहीत, कपाशीच्या वाळलेल्या काटक्या दिल्या. पऱ्हाटीची चांगली हातभर मोळी. त्या रविवारी संघमित्राचा फोन आला, मागे धुराने खोकणाऱ्या माणसांचे आवाज.

"बठ्ठी बिल्डिंग गच्चीवर जमनी वं ताई," ती माहेरच्या अहिराणीत म्हणाली. "आज आठे मना बापना मळा शे."

उषाला स्वतःला असा बापाचा मळा नव्हता. चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला तिचाही जन्म, पण आई ती सहा वर्षांची असताना गेली आणि बापाने तिला मिशनच्या वसतिगृहात आणून सोडलं. पुढचं सगळं आयुष्य लोखंडी खाटांच्या रांगांमध्ये. आधी मुलींच्या, मग रोग्यांच्या. दुसऱ्यांचं गाव तिला इतकं नीट ऐकू यायचं, ते कदाचित त्यामुळेच.

यंदा मात्र तिचं अडलं होतं ते घरात. सासूला काय द्यायचं?

मोतीबाई पावसाळ्यात जळगावला आल्या होत्या. आल्या म्हणजे आणाव्या लागल्या. नवरा गेल्यापासून त्या पाड्यावर एकट्याच राहायच्या, पावसाच्या भरवशावरचं शेत करायच्या. श्रावणात नाल्यावरून येताना पाय घसरला आणि सकाळी पडलेल्या मोतीबाई संध्याकाळी गुरं परतताना कोणाला तरी दिसल्या. हाड मोडलं नव्हतं, गुडघा मात्र कामातून गेला. तेरसिंग, म्हणजे उषाचा नवरा, वीज मंडळात लाइनमन. तो जीप घेऊन गेला आणि आईला पाठीवर घालून उतरला. मोतीबाई फक्त म्हणाल्या, नाताळपर्यंत राहीन, मग जाईन.

ते त्यांनी एकदाच सांगितलं. पुन्हा सांगायची त्यांना गरज वाटली नाही, आणि तेच उषाला जास्त भीतीचं वाटत होतं.

कारण उषाला त्या हव्या होत्या. सून म्हणून कर्तव्य वगैरे ते होतंच, पण खरी गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून घर रिकामं झालं होतं. आता ड्यूटी संपवून ती गल्लीच्या तोंडाशी आली की वर गॅलरीत जाळीला हात धरून एक बाई उभी दिसायची. उषा दिसली की ती बाई आत वळायची. जिना चढून दार उघडेपर्यंत चहाला आधण आलेलं असायचं. गॅस पेटवायला मोतीबाई भीत, तरी पेटवत. सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात आपली वाट बघत कोणी उभं आहे, हे उषाने पहिल्यांदा पाहिलं होतं. कधीकधी ती मुद्दाम कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीशी थांबे आणि लांबूनच त्या उभ्या आकृतीकडे बघत राही. हिवाळ्यातलं पिवळं ऊन, वाळत घातलेली लुगडी, आणि त्यांच्यामागे ती.

हिला इथे राहावंसं वाटेल असं काय द्यावं? शाल दिली तर घडी करून उशाशी ठेवेल. चपला दिल्या तर दारात. उषाने कान देऊन पाहिलं, पण मोतीबाई गावाबद्दल चकार शब्द काढत नसत. ज्यांना गाव सुटलेलं असतं ते गावाबद्दल बोलतात. यांचं सुटलेलंच नव्हतं.

शेवटी उषाला ऐकून नाही, बघून कळलं. रोज सकाळी मोतीबाई स्वयंपाकघरात आल्या की आधी गॅसच्या वर, छताकडे बघायच्या. तिथे काही नव्हतं. तेलाने पिवळी पडलेली भिंत आणि एक जुना खिळा. क्षणभर बघायच्या आणि मग तोंड धुवायला वळायच्या. उषाने चार दिवस हे पाहिलं आणि पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता तिला लख्ख आठवलं. पाड्यावरच्या घरात चुलीच्या वर, धुरात, एक तुंबा टांगलेला असतो. वाळवून पोखरलेला भोपळा, धुराने काळा, घासल्यासारखा चकचकीत. त्यात पुढच्या सालच्या ज्वारीचं बी असतं, राखेत घोळलेलं. लग्नानंतर ती पहिल्यांदा त्या घरात गेली तेव्हा तो तिच्या डोक्याला लागला होता आणि आत काहीतरी सरसरलं होतं.

हेच. तिला इतका आनंद झाला की भाकरी करपली.

तेरसिंगला तिने सांगितलं नाही. त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे. चोपड्याला मैत्रिणीकडे जाते म्हणून नाताळच्या आदल्या दिवशी रजा घेऊन ती पहाटेच्या एसटीत बसली. खिडकीबाहेर धुकं होतं आणि धुक्यात केळीच्या बागा. कितीही पुढे गेलं तरी त्याच बागा पुन्हा येतायत असं वाटायचं. मोठी ओली पानं खिडकीला टेकल्यासारखी जवळ यायची आणि मागे पडायची. उषाचा डोळा लागला. स्वप्नात तिला वसतिगृहातल्या खाटा दिसल्या, पण प्रत्येक खाटेवर केळीचं एकेक झाड निजलं होतं, आणि ती एकेकाच्या अंगावर पांघरूण घालत चालली होती.

चोपड्याहून जीप. जीपनंतर अर्ध्या तासाची चढण. मोतीबाईंच्या घराची किल्ली शेजारच्या बेबाबाईंकडे असायची. बेबाबाई अंगणात उडीद पाखडत होत्या. उषाने किल्ली मागितली, त्यांनी दिली. घरात चार महिन्यांचा बंद वास होता, पण चूल लख्ख सारवलेली. कोणीतरी अधूनमधून येऊन धूर करून जात असणार. उखळीवर चढून उषाने दोरी सोडली. तुंबा वाटला होता त्यापेक्षा हलका निघाला. पदराखाली धरून ती बाहेर आली, तर बेबाबाई सूप खाली ठेवून उभ्याच होत्या. त्यांनी तुंब्याकडे पाहिलं. मग हळूच पदर डोक्यावरून पुढे ओढला, जवळ आल्या आणि उषाचा हात दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. किती माया आहे या बाईला आपल्या सासूची, असं तिच्या मनात आलं. घाई होती, म्हणून ती फार बोलली नाही. येते म्हणाली आणि उतरली.

परतीच्या वाटेवर तुंबा मांडीवर होता. एसटी खड्ड्यात गेली की आत बी सरसरायचं आणि थांबायचं. शेजारच्या बाईने विचारलं काय आहे, तर उषा म्हणाली, सासूबाईंचं आहे. इतका मान असलेली वस्तू आपण पहिल्यांदाच मांडीवर घेतोय, असं तिला वाटत होतं.

नाताळची सकाळ. चर्चहून आल्यावर तेरसिंगने दारातली कागदाची चांदणी सरळ केली, उषाने डाळबट्टीची तयारी मांडली आणि मोतीबाईंना खुर्चीत बसवून त्यांच्यापुढे पुडकं ठेवलं. बाकी सगळ्यांना ती जुन्या फडक्यात बांधून देई. यांच्यासाठी मात्र तिने लाल चकचकीत कागद आणला होता. मोतीबाईंनी कागद न फाडता, चिकटपट्ट्या नखाने सोडवत उघडला. शेवटची घडी दूर झाली तशी त्यांची बोटं थांबली.

त्यांनी तुंब्याला हात लावला नाही. फक्त विचारलं, "कोणी उतरवला?"

"मी," उषा म्हणाली. तिला अजून वाटत होतं की सासूबाईंना आनंदच झालाय.

"तू स्वतः? तुझ्या हाताने?"

उषाने मान हलवली. तेवढ्यात तेरसिंगचा फोन वाजला. पाड्यावरून रुपचंद, म्हणजे बेबाबाईंचा नवरा. तेरसिंग हो हो म्हणत राहिला, मग त्याचा चेहरा चमत्कारिक झाला. तो म्हणाला, रुपचंदभाऊ विचारतायत की आईला कधी आणताय, सगळे थांबलेत, आणि जागा चर्चच्या आवारात धरायची की जुनी.

मोतीबाईंनी हात पुढे केला. तेरसिंगने फोन दिला.

"रुपचंद," त्या पावरीत म्हणाल्या, "अजून आहे मी. बट्टी खायची आहे माझी." आणि फोन लेकाला परत दिला.

मग उषाला कळलं. तेरसिंगनेच सांगितलं, डोकं धरून. त्यालाही ते अर्धंमुर्धंच ठाऊक होतं, कारण ती बायकांची गोष्ट. त्यांच्या पाड्यावर ज्या हाताने बी टांगलं त्याच हाताने ते उतरवायचं. दुसऱ्या हाताने उतरवलेलं दिसलं, की पहिला हात राहिला नाही असं समजायचं. सुनेने तुंबा घेऊन उंबरा ओलांडला म्हणजे सासूचं सगळं तिच्याकडे आलं. अख्ख्या पाड्याने काल नाताळची गाणी म्हटली नव्हती. तेरसिंग म्हणाला, मला एका शब्दाने विचारायचं तरी. बेबाबाईंचे थंड हात उषाला पुन्हा आपल्या हातावर जाणवले. पाड्यावर वाढलेली कुठलीही सात वर्षांची पोर असली चूक करणार नाही. शहरातल्या बाईच्या हातून ती झाली नसती, कारण तिला तुंबा सुचलाच नसता. ही चूक उषाच करू शकत होती, गावातून निघालेली आणि गावात न पोचलेली.

मोतीबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या. समोरच्या गच्चीवर कोणाची तरी गोधडी वाळत होती आणि तिच्यावर एक मांजर झोपलं होतं. घड्याळ चाललंय की नाही कळू नये अशी ती दुपार. मग त्यांनी उषाला समोर बसायला सांगितलं.

"उतरवलंस ते उतरवलंस," त्या म्हणाल्या. "लोकांनी पाहिलं. आता मी तिकडे जाऊन काय राखू? बी तुझं आहे. घेतेस का सांग. घेतेस तर मी इथे राहते, तुझ्या दारात. नाही म्हणालीस तर ते परत न्यावं लागेल."

उषाने त्यांच्याकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. चार महिने ती जे मागत होती, रोज रात्री ज्यासाठी गुडघे टेकत होती, ते हे असं समोर येऊन बसलं होतं, लाल कागदात. घेते म्हणायचं. तुंबा गॅसच्या वरच्या खिळ्याला टांगायचा. उद्याही गल्लीच्या तोंडाशी आलं की गॅलरीत ती दिसेल. परवाही दिसेल. उषाला ती दिसली सुद्धा, जाळीला हात धरून उभी. पण चेहरा दिसेना. हात होते, लुगडं होतं, आणि वर नुसतं ऊन.

आयसीयूच्या दाराशी बसलेली कितीतरी माणसं तिने पाहिली होती. आपलं माणूस आपल्याजवळ राहावं म्हणून ती कशालाही हो म्हणत. त्यांना समजवायचं काम तिचंच असायचं.

"नाही, आई," ती म्हणाली. "मला पेरता येत नाही. मी फक्त उचलून आणलं. तुमचं आहे ते."

मग पहिल्यांदा मोतीबाईंनी तुंब्याला हात लावला, उचलून कानाशी नेऊन हलवला, ऐकला, आणि मांडीवर घेतला.

"भूक लागली," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी चार बट्ट्या खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं, आणि लेकाला म्हणाल्या की तुझी बायको वरण चांगलं करते, तू उगाच हॉटेलात शेवभाजी खातोस. तेरसिंगने इथेच राहण्यावरून एकदा विषय काढून पाहिला. त्या म्हणाल्या, मेलेल्या माणसाला इतकं बोलू नये.

दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या. उषाने दोन दिवसांची रजा टाकली होती. एसटीत मोतीबाई खिडकीशी, तुंबा त्यांच्या मांडीवर. धुकं नव्हतं, केळीची पानं उन्हात इतकी हिरवी होती की बघवत नव्हती. मोतीबाई मध्येच तोंडातल्या तोंडात हसायच्या. उषाने विचारलं तर म्हणाल्या, माझ्या मातीला कोण कोण आलं असतं ते मोजतेय. त्यांच्या भावाच्या सुनेचा भरवसा नव्हता.

चोपड्याच्या स्टँडवर उतरल्यावर त्या दुकानांच्या रांगेसमोर थांबल्या. उषा म्हणाली, चहा घ्यायचा का. मोतीबाई जरा संकोचल्या. मग हळूच म्हणाल्या, की तुझ्याकडे होती तसली एक खुर्ची मिळेल का.

उषाला आधी कळेना. प्लास्टिकची खुर्ची. गुडघ्याने चुलीपुढे बसवत नाही, त्या म्हणाल्या. जळगावात त्यांना सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल तर ती खुर्ची. टीव्ही नाही, नळ नाही. पाठ टेकून बसायचं आणि उठताना कोणाला हाक मारायची नाही. चार महिन्यांत त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. उषा त्यांच्या तोंडून गाव निघायची वाट बघत बसली होती.

लाल रंगाची, हात असलेली, त्यांनी स्वतः बसून, मागे रेलून, पुन्हा उठून निवडलेली खुर्ची जीपच्या टपावर बांधली गेली. जिथपर्यंत जीप जात होती तिथपर्यंत ती टपावरून गेली, नंतर उषाच्या डोक्यावरून. पुढे काठी टेकत मोतीबाई, मागे पाय वर केलेली खुर्ची घेऊन नर्सबाई. वाटेत भेटलेली माणसं आधी मोतीबाईंना बघून थबकायची, मग पाया पडायची, मग खुर्चीकडे बघायची. बेबाबाई अंगणात होत्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या क्षणाला उषावर असा तोंडाचा पट्टा सोडला की मोतीबाईंनाच मध्ये पडावं लागलं. त्या म्हणाल्या, जाऊ दे, शिकलेली आहे.

घरात गेल्यावर मोतीबाई आधी बसल्या नाहीत. चुलीजवळ खुर्ची ठेवायला लावली आणि तिच्यावर चढायला निघाल्या. उषा आडवी आली. गुडघा, तोल, पुन्हा पडलात तर, सगळं तिने वॉर्डातल्या आवाजात सांगितलं. मोतीबाईंनी ऐकून घेतलं, काठी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बोलतेस काय. धर."

उषा खाली मातीत बसली. खुर्चीचे पाय तिने दोन्ही हातांनी घट्ट धरले. वर त्या भेगाळलेल्या टाचा, त्यांच्यावर लुगड्याचा काठ, त्याच्याही वर कुडाच्या फटींतून आलेल्या उजेडाच्या पट्ट्यांत तरंगणारी धूळ. बी एकदा सरसरलं आणि थांबलं. दोरीची गाठ बसली. मोतीबाई तरीही खाली उतरेनात. कुडाच्या वरच्या फटीतून त्या बाहेर बघत होत्या, शेताकडे.

"काय दिसतंय?" उषाने खालून विचारलं.

"माझ्या तुकड्यातली तूर रुपचंदने राखलीय. कापायला आलीय," त्या म्हणाल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "उद्या जाऊ. तुला विळा धरता येतो का?"

"नाही."

"बरं," मोतीबाई म्हणाल्या आणि उतरताना आधारासाठी त्यांनी वाकून उषाच्या डोक्यावर हात ठेवला.